सातवी सभासद

तळमजल्यावरच्या आंटींनी पहिल्यांदा आमचं दार वाजवलं ते दोन खुर्च्या मागायला. न्युरेम्बर्गमधल्या त्या घरात येऊन आम्हाला महिनाही झाला नव्हता. अर्धी खोकी बांधलेलीच होती आणि मुलगी तीन वर्षांची होती. दारात पन्नाशीच्या, उंच, डोक्याला निळं कापड बांधलेल्या एक बाई उभ्या होत्या. इंग्रजी आणि जर्मन एकत्र करून त्यांनी सांगितलं की त्या खाली राहतात, मूळच्या घानाच्या आहेत, वृद्धाश्रमात कामाला आहेत, आज गावची माणसं यायची आहेत आणि घरात बसायला जागा कमी पडतेय. मी खुर्च्या दिल्या. संध्याकाळी खुर्च्या पुसून परत आल्या आणि एकीवर झाकलेला डबा होता. त्यात टोमॅटोत शिजवलेला लालभडक, तिखट भात. जर्मनीत आल्यापासून नाकातून पाणी काढणारं असं काही मी पहिल्यांदाच खाल्लं.

त्यांना सगळेच आंटी म्हणायचे, अगदी इमारतीची देखभाल करणारा आमचा हाउसमाइस्टरसुद्धा. त्यामुळे मीही तेच म्हणू लागले.

त्या रविवारी खाली काय होतं, ते मला हळूहळू कळलं. आंटींचं गाव कुमासी शहरापासून दोन तासांवर, कोकोच्या बागांमधलं. त्या गावच्या शाळेच्या म्हाताऱ्या मुख्याध्यापिका वारल्या. न्युरेम्बर्गमध्ये गावची चार माणसं होती, पण प्रत्येक जण आपापल्या कामात. वर्षातून एखादा फोन, तेवढाच संबंध. बातमी चौघांनाही वेगवेगळी कळली. चौघांनीही त्या बाईंच्या पट्ट्या खाल्लेल्या. आंटींनी तिघांना फोन केला आणि म्हणाल्या, गावात असतो तर तिच्या दारात जाऊन बसलो असतो, इथे माझ्या दारात या. ते आले, बसले, रडले, मग पट्ट्यांच्या गोष्टी निघाल्या आणि हसायला लागले. अंधार पडायला आला तरी कुणी उठेना. तेव्हा ठरलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमायचं.

पुढच्या महिन्यात आंटींनी चार खुर्च्या नेल्या, त्याच्या पुढच्या महिन्यात सहा. मग आमची स्टुलं गेली, सोफ्याच्या उशा गेल्या, मुलीची प्लास्टिकची छोटी खुर्चीही गेली. पहिल्या रविवारी आम्ही तिघं जमिनीवर सतरंजी टाकून जेवायला बसायचो. नवरा म्हणायचा, गुडघ्यांना चांगलं असतं. फ्युर्टहून, एर्लांगेनहून, बाम्बर्गहून माणसं येऊ लागली. कुणी नर्स, कुणी गोदामात, कुणी विद्यापीठात शिकणारं. जिन्यात बुटांची रांग वाढत वाढत आमच्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आली, तेव्हा आंटींनाच वाटलं की आता घर पुरत नाही.

जवळच्या चर्चला जोडून एक सभागृह होतं. तिथल्या बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं की सभागृह फक्त नोंदणीकृत संस्थेला मिळतं. म्हणजे जर्मनमध्ये ज्याला फेराइन म्हणतात, तशी संस्था काढायला हवी.

ते काम बसवाल्या काकांनी अंगावर घेतलं. ते पहिल्या चौघांपैकी एक. शहरात बस चालवायचे आणि मिनिटाचाही उशीर झाला तर अस्वस्थ व्हायचे. त्यांनी कुठून तरी घटनेचा नमुना मिळवला, त्यात गावाचं नाव घातलं, सह्या प्रमाणित करणाऱ्या वकिलाची, नोटारची, सोमवारची वेळ घेतली आणि आदल्या दिवशी, रविवारी, स्थापनेची सभा बोलावली. जर्मन कायद्यानुसार अशी संस्था नोंदवायला निदान सात सभासदांच्या सह्या लागतात. सातची अडचण येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, कारण तोवर वीसएक जण जमू लागले होते.

शनिवारपासून बर्फ सुरू झालं. रविवारी सकाळी गाड्या बंद, रस्ते बंद. फोनवर फोन येत राहिले की आम्ही निघू शकत नाही. चालत येण्यासारखे पाच जण तेवढे आले, आंटी धरून सहा. मी आंटींचा डबा परत द्यायला खाली गेले तर खोलीत सहा माणसं गप्प बसलेली, मध्ये टेबलावर कागद, आणि बसवाले काका खिडकीतून बाहेर बघत होते. मला परिस्थिती सांगण्यात आली. मी हळहळ व्यक्त केली, डबा ठेवला आणि निघाले.

"थांब," आंटी म्हणाल्या. "तू सातवी."

मी म्हटलं, आंटी, मी तुमच्या गावची नाही. मी तुमचं गाव नकाशावरसुद्धा पाहिलेलं नाही. बसवाल्या काकांनी चष्मा लावून घटना उघडली आणि सभासदत्वाचं कलम मोठ्याने वाचलं. नमुन्यातलं जसंच्या तसं राहिलेलं ते वाक्य होतं: संस्थेची उद्दिष्टं मान्य असलेली कुणीही व्यक्ती. गावाचा उल्लेखच नव्हता. काका स्वतःच चकित झाले.

"आमच्या गावाचं भलं व्हावं असं तुला वाटतं ना?" आंटींनी विचारलं.

"वाटतं."

"गेनाऊ. अगदी बरोबर. मग सही कर."

मी सही केली. बसले आहेच तर सभेचा वृत्तान्त लिहून देते, असंही म्हणून गेले, आणि तिथे फसले. पुण्याला येरवड्यात आमच्या वस्तीतल्या विहार समितीचे माझे वडील कितीतरी वर्षं चिटणीस होते. ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. रविवारी सकाळी त्यांची लाल कापडी बांधणीची वही उघडायची आणि मी शेजारी बसून शाईची बाटली धरायची. त्याच सांगाड्यावर मी जर्मनमध्ये वृत्तान्त लिहिला. बसवाल्या काकांनी तो दोनदा वाचला आणि मला तिथल्या तिथे चिटणीस करून टाकलं. सूचक ते, अनुमोदक आंटी.

न्यायालयाच्या नोंदणी कार्यालयातून महिन्याभराने पत्र आलं. सभा कशी बोलावली जाते ते घटनेत लिहिलेलं नाही, तेव्हा दुरुस्ती करावी. आंटींना यात काय अवघड आहे तेच कळेना. त्या म्हणाल्या, मी फोन करते, सगळे येतात. मी आणि काकांनी मिळून एक कलम लिहिलं की दोन आठवडे आधी लेखी कळवावं. आजही मी दोन आठवडे आधी ईमेल पाठवते आणि आंटी आदल्या दिवशी सगळ्यांना फोन करतात. माणसं येतात ती फोनमुळेच. नोंदणी झाल्याचं पत्र आलं तेव्हा आंटींनी त्याची चौकट करून घेतली आणि भिंतीवर मुख्याध्यापिका बाईंच्या फोटोशेजारी लावली. नंतर बाईंकडे बघत त्या ट्वीमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, काहीतरी बोलल्या. मी अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, तिला सांगितलं की स्पेलिंगच्या चुका नाहीत.

ईस्टरला आम्ही सभागृहात जमलो. तिथे खुर्च्या भिंतीला रचून ठेवलेल्या, हव्या तितक्या. माझ्या घरच्या खुर्च्या घरीच राहिल्या, आणि खरं सांगते, मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्या वर्षी सासूबाई पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी आल्या. त्या महाडच्या बाजूच्या. सासरे मुंबईत गिरणीत होते, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य परळच्या एका खोलीत गेलं आणि निम्मं गावाला. इथे आल्यावर पहिले आठ दिवस त्या खिडकीत बसून असायच्या. रस्त्यावर माणूस दिसत नाही ही त्यांची तक्रार. खालच्या आंटींबद्दल मी फोनवर सांगितलेलं होतं, पण समोरासमोर आल्यावर त्या बुजल्या. ती माणसं कशी असतात गं, असं मला एकदा हळूच विचारलंही. मी म्हटलं, अहो आई, तुमच्याआमच्यासारखी. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मग एका दुपारी मी कामाच्या कॉलवर होते आणि सासूबाई घरात नाहीत असं लक्षात आलं. दार उघडं, चपला नाहीत. घाबरून जिना उतरले तर आंटींचं दार उघडं, आणि सासूबाई त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी उभ्या. जर्मनीत आल्यापासून मी घरात सुकट शिजवायला बंदी घातली होती, शेजाऱ्यांच्या भीतीने. सासूबाईंच्या पिशवीतली सुकट तीन पिशव्यांत बांधून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवून दिली होती. आणि त्या दुपारी आंटी आपल्या गावची सुकी मासळी भाजत होत्या. सासूबाई वासाच्या मागे दोन मजले उतरून गेल्या होत्या.

कोंटोमिरे नावाच्या पाल्याचं कालवण होतं ते. सासूबाईंनी एक पान हातात घेतलं, देठ मोडून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, हे अळूच आहे. आणि ही बाई सुकट घालते. आणि तू मला रोज पास्ता देतेस."

त्यानंतर त्या रोज खाली. आंटींची पाळी सकाळची असली की दुपारी, दुपारची असली की सकाळी. एक मराठीत बोलायची, दुसरी ट्वीत, मध्येमध्ये आंटी जर्मनमध्ये 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणायच्या आणि सासूबाई मान डोलवायच्या. मी भाषांतर करायला गेले तर दोघीही थोड्या नाराज व्हायच्या. केलरमधली सुकट एक दिवस नाहीशी झाली.

पहिल्या रविवारच्या सभेला मी सासूबाईंना सोबत नेलं. त्या मागच्या रांगेत बसल्या. अजेंडा, हजेरी, कुणाच्या आईच्या आजारपणाची चौकशी, कुणाच्या बारशाचं आमंत्रण, शाळेच्या छपराचा विषय, दोन माणसांची चढाओढ, शेवटी जेवण. घरी येताना त्या म्हणाल्या, हे तर आपलं मुंबई मंडळ. गावची माणसं परळच्या खोलीत जमायची, सासरे सतरंजी अंथरायचे, त्या चहा करायच्या. मग त्यांनी विचारलं, भांडणं झाली का अजून? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, होतील आता, माणसं वाढली की होतात.

पुढच्याच महिन्यात झाली. गावाच्या नदीपलीकडे दुसरं गाव आहे. तिथली तीन कुटुंबं बॉबलिंगेनला राहत होती, त्यातली दोन माणसं मोटारींच्या कारखान्यात. त्यांनी पत्र पाठवलं की आमची स्वतःची संस्था होण्याइतके आम्ही नाही, आम्हाला तुमच्यात घ्या, आम्ही दर महिन्याला गाडीने येऊ. निम्मे सभासद म्हणाले, या. निम्मे म्हणाले, नाव आपल्या गावाचं आहे. नदीवरून, फुटबॉलवरून, आजोबांच्या काळातल्या कुठल्याशा मानापमानावरून जुनी खुन्नस होती. सर्वांत जास्त विरोध बसवाल्या काकांचा. ते इतके बिथरले की त्यांनी राजीनामा लिहून माझ्या हातात दिला. आवाज चढले, दोन कुटुंबं न जेवता निघून गेली. तसं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंटी वर आल्या आणि चहासुद्धा नको म्हणाल्या. सासूबाईंनी मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि या वेळी मला शब्द न शब्द भाषांतर करायला लावलं. त्यांच्या गावातही वरची वाडी आणि खालची वाडी. मुंबई मंडळ एकच होतं, गावात समाजमंदिर बांधायचं ठरलं होतं. मग कुठल्या वाडीत बांधायचं यावरून मंडळ फुटलं. दोन मंडळं झाली आणि दोन समाजमंदिरं सुरू झाली.

"दोन्ही खिडक्यांपर्यंत आली नि थांबली," सासूबाई म्हणाल्या. "अजून तशीच आहेत. एकात शेळ्या बांधतात, दुसऱ्यात लाकडं ठेवतात."

आंटी आधी हसल्या. मग त्यांनी विचारलं, तेव्हा बायका काय म्हणाल्या? सासूबाई म्हणाल्या, बायकांना कुणी विचारलंच नाही, आम्ही चहा करत होतो.

पुढच्या सभेत आंटींनी चहा केला नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि विषय निघाल्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी शेळ्यांची गोष्ट सांगितली, सासूबाईंकडे हात करून. आधी ट्वीत, मग मुलांना कळावी म्हणून जर्मनमध्ये. लोक हसले, पण बसवाले काका हसले नाहीत. तेव्हा आंटी त्यांच्याकडे वळल्या. आंटींच्या लोकांमध्ये माणसाचं कूळ आईकडून धरतात. आई जिथली, तिथला तो.

"तुझी आई कुठे जन्मली ते सगळ्यांना सांग," आंटी म्हणाल्या.

सभागृहातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच उमटलं होतं. काका बुटांकडे बघत म्हणाले, नदीपलीकडे. सगळं सभागृह हसायला लागलं आणि मग तेही हसले, खांदे हलेपर्यंत. मी राजीनाम्याचा कागद पर्समधून काढून त्यांना परत दिला. संस्थेच्या नावाचं काय करायचं, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी नावापुढे 'आणि परिसर' असं जोडावं, हा ठराव आला. सूचक म्हणून बसवाल्या काकांचं नाव वृत्तान्तात आहे, माझ्या अक्षरात.

बॉबलिंगेनची माणसं आली आणि त्यांच्याबरोबर एक मोठं कामही आलं. दोन्ही गावांना मिळून एकच दवाखाना होता, नदीच्या त्या बाजूला. तिथल्या एका नर्सची बहीण बॉबलिंगेनच्या कुटुंबात होती. तिने सांगितलं की बाळंतिणींना खाटा नाहीत, दोघी दोघी एका खाटेवर झोपतात. त्याच थंडीत आंटींच्या वृद्धाश्रमात नव्या खाटा यायच्या होत्या. जुन्या चांगल्या होत्या, वरखाली होणाऱ्या, पण भंगारात जाणार होत्या. आंटींनी संचालक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, न्या, पण आठवड्यात न्या.

बारा खाटा. त्या आठवड्यात न्युरेम्बर्गमध्ये जिथे जिथे केलर आणि गॅरेज होतं तिथे तिथे खाटेचे भाग गेले. आमच्या केलरमध्ये सायकली काढून चार खाटा रचल्या. घानामध्ये प्लग वेगळे असतात, इथले तिथे बसत नाहीत, हे माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तोवर तो या सगळ्याकडे माझा छंद म्हणून बघायचा. त्याने एका शनिवारी ज्याच्या त्याच्या केलरमध्ये जाऊन बारा प्लग बदलले. वीज गेली तर खाट वरच अडकेल का, ही बसवाल्या काकांना काळजी होती. म्हणून नवरा आमच्या केलरमधल्या एका खाटेवर स्वतः झोपला, काकांनी अडॅप्टर लावून ती वर नेली, वायर उपसली आणि हाताने खाली आणायची युक्ती सापडेपर्यंत तो तसाच वर लटकून राहिला. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. हाउसमाइस्टर आवाज ऐकून आला, तक्रार करायला, आणि शेवटी त्यानेच पाना आणून खाट अडवणारी खीळ सैल केली. खाटा घानाला नेणारा कंटेनर भरायच्या दिवशी चाळीस माणसं आली होती. येनाहून संशोधन करणारी एक मुलगी पहाटेच्या गाडीने आली आणि तिने सगळ्या भागांवर क्रमांक लिहिले, कुठला भाग कुठल्या खाटेचा ते चुकू नये म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी आंटींसाठी दोन किलो सुकट आणली आणि मला फक्त लोणचं. बर्फाच्या धास्तीने संस्थेचा वर्धापनदिन उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं आणि त्यासाठी सगळ्यांनी एकाच छापाचं कापड घ्यायचं ठरलं होतं, निळ्यावर पिवळी कोकोची फळं. घानामध्ये हे कापड सहा वारांच्या तुकड्यात मिळतं. बायका त्याचा झगा, परकर, डोक्याचं कापड शिवून घेतात. आंटींनी सासूबाईंना त्यांचा तुकडा दिला आणि आपल्या शिंपिणीचा नंबरही दिला. सासूबाईंनी कापड उलगडलं, हाताने मोजलं, पन्हा पाहिला आणि म्हणाल्या, सहा वार आहे, शिंपीण कशाला हवी?

वर्धापनदिनाला त्या तेच साडीसारखं नेसून गेल्या. कापड कडक होतं, निऱ्या उभ्याच्या उभ्या राहत होत्या, पण त्यांनी त्या अशा चापून बसवल्या की बघत राहावं. सभागृहाच्या दारात बायकांनी त्यांना घेरलं. पदर धरून बघितला, निऱ्या मोजल्या, मागून पुढून फिरवलं. पुढचा अर्धा तास सासूबाई बायकांच्या खोलीत एकेकीला साडी नेसवत होत्या. ज्यांनी कापड अजून शिवायला टाकलं नव्हतं त्या पाच जणी तशाच बाहेर आल्या, एक एक पाऊल जपून टाकत. बसवाले काका आभाराचं भाषण करत होते, ते मध्येच थांबले आणि कागदावर आपण कुठे होतो ते शोधू लागले.

मग दवाखान्याचा व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कुणाचा तरी अंगठा, मग नर्स. तिने फोन हळूहळू फिरवला. लांबट खोली, पांढऱ्या चादरी, ओळीने खाटा. एकीच्या पायाशी अजून येनाच्या मुलीने लिहिलेला क्रमांक दिसत होता. एका खाटेवर एक तरुण मुलगी उशीला टेकून बसली होती, कुशीत कापडात गुंडाळलेलं बाळ. आदल्या दिवशीच झालेलं, मुलगी, असं नर्सने सांगितलं. बसवाले काका पुढे सरकले. ती बाळंतीण त्यांची भाची होती. ते नुसता हात हलवत राहिले, आणि पलीकडून तिनेही बाळाचा हात धरून हलवला.

ढोल सुरू झाले. माझी मुलगी, जी घरी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, ती फ्युर्टच्या मुलींबरोबर ट्वी गाणं म्हणत रांगेत शिरली. आंटींनी सासूबाईंचा हात धरला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला नाचता येत नाही, सांग ना हिला." मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या दोघी मधोमध पोचल्या होत्या.